घोड्यास मीठ: आधीं पाणी, मग पुडी

लांब पल्ला चालणाऱ्या घोड्यास क्षारांची पुडी द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न केवळ शर्यतीच्या शौकिनांचा नव्हे. भीमथडी तट्टांवर बिऱ्हाड लादून धनगर बांधव आजही कोसच्या कोस वाट चालतात. युसूफ वडगांवासारख्या गांवीं, जेथें उन्हाळ्यांत पाणीच महाग, तेथें तर या प्रश्नाचा अधिकच विचार झाला पाहिजे.

मनुष्याच्या घामांत रक्ताहून मीठ कमी असतें; म्हणून घाम गेला कीं रक्त दाट होऊन तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना अधिक खारट असतो. पाण्याबरोबर मीठही गेल्यानें तहानेची जाणीव मंदावते, आणि शरीर सुकत असतांही जनावर पाण्यास तोंड लावीत नाहीं. कडक उन्हांत मेहनतीचा मोठा घोडा तासास १० ते १५ लिटर घाम गाळूं शकतो; दर लिटरामागें सुमारें १० ग्रॅम क्षार जातात. ही तूट न भरल्यास स्नायू आखडतात, पोटशूळ उठतो.

तेव्हां मीठ द्यावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पाणी न पाजतां दाट क्षार घशांत कोंबणें हा उपचार नव्हे, अपाय होय. तें मीठ अंगांतील उरलेंसुरलें पाणी आंतड्यांत ओढून घेतें.

आमच्या मतें मिठाची संवय घरींच लावावी. वैरणींतून पोटॅशियम पुष्कळ मिळतें, मीठ थोडें. म्हणून मोठ्या घोड्यास रोज सुमारें ३० ग्रॅम व तट्टास अंगमानानें कमी मीठ दाण्यांत द्यावें. मुक्कामीं लिटरास ९ ग्रॅम मिठाचें पाणी पुढें ठेवावें, व शेजारीं गोडें पाणी अवश्य असावें. खाण्याचा सोडा घालूं नये. क्लोराइड गेल्यानें रक्त आधींच अल्कधर्मी होऊं लागलेलें असतें. ऊसतोडीच्या बैलास हें प्रमाण लावूं नये. त्याचा घाम निराळा.

अमेरिकेंत १९५५ सालीं सुरू झालेल्या १०० मैलांच्या टेव्हिस दौडींतही पशुवैद्यानें तपासल्यावांचून घोडा पुढें सोडीत नाहींत. पुडी बाजारांत मिळते. वाटेवरचें पाणी मात्र आधीं योजावें लागतें. ज्यास त्या पाण्याची खात्री नाहीं, त्यानें पुडी खिशांतच ठेवावी आणि पल्ला आखूड करावा.