संग्रहालय हवं, पण उंच जोत्यावर

डोंबिवलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवत असे. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रं दाखवायची तर फास्ट लोकल पकडून मुंबईत काळा घोड्याची जहांगीर कलादालनाची इमारत गाठावी लागे. गेटवेजवळचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे भाऊ साठे कल्याणचे, त्यांचं शिल्पालय डोंबिवलीत आहे. म्हणजे कलेचं आणि या भागाचं वावडं नाही. ठाणे ते कल्याण पट्ट्यात मोठं सार्वजनिक कलासंग्रहालय व्हावं, या मागणीवर माझी सही पहिली. अट एकच, इमारतीला इथली जमीन आणि इथलं पाणी कळलं पाहिजे.

असा विषय निघाला की भोपाळच्या भारत भवनाचं नाव येतंच. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत 1982 मध्ये खुली झाली. तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत ती अशी बसवली आहे की रस्त्यावरून फारशी नजरेत भरत नाही. गच्च्या आणि चौक उतरत आपण खाली जातो, वाटेत दालनं लागतात, उजेड वरून झिरपतो. वास्तू अप्रतिमच आहे. पण म्हणून तिची नक्कल आपल्या खाडीकाठी करायची? तिथे उतार आहे, पाण्याला तलावाकडे वाट आहे. आपल्याकडे काठ सखल. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी तुंबणारच. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांनी ते दाखवून दिलं. जून 2016 मध्ये सेन नदी चढली, तेव्हा पॅरिसच्या लूव्रलासुद्धा दारं बंद करून तळघरातल्या कलाकृती वर हलवाव्या लागल्या. आपण तर तळघराच्या वाटेलाच जाऊ नये.

आपलं उत्तर कोकणातल्या जुन्या घरांत आहे: काळ्या दगडाचं उंच जोतं, उतरतं छप्पर, भोवती पडवी. कल्याणचा दुर्गाडी किल्लासुद्धा खाडीलगतच्या उंचवट्यावरच आहे. संग्रहालयाची दालनं वर घ्यावीत, खालची जागा मोकळी सोडावी. उन्हाळ्यात तिथे मुलं स्केचिंग करतील, पावसाळ्यात पाणी येऊन जाईल. पडवीमुळे भिंतींवर पावसाचा थेट मारा होणार नाही. ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीवरचं एखादं जलरंगातलं चित्र उतरवून बघा. आकाशाच्या फिक्या भागात पिवळट ठिपके, माउंटच्या कडेला राखाडी बुरशी. कागद ओल पितो आणि एकदा पडलेला डाग सहजी जात नाही.

दर्शनी बाजूला काचेची भिंत हवी, असा आग्रह हल्ली प्रत्येक सरकारी इमारतीत दिसतो. पश्चिमेचं ऊन त्या काचेतून आत येणार, मग ते झाकायला पडदे, थंडाव्याला एसी, आणि वीज गेली की सगळंच ठप्प. त्यापेक्षा उत्तरेकडून, छपराखालच्या झरोक्यांतून येणारा उजेड चित्रांना मानवतो. उंच जोत्याने खर्च वाढेल, हे खरं. ज्येष्ठांसाठी आणि व्हीलचेअरसाठी ऐसपैस रॅम्पही लागेल. पण भिजलेलं चित्र पुन्हा विकत आणता येत नाही.

तेव्हा महापालिकांना विनंती आहे की, निविदा काढण्याआधी खुली स्पर्धा घ्या आणि वास्तुविशारदांना प्लॉट जुलैत, मोठ्या भरतीच्या वेळी दाखवा. आणि 2005 च्या पुराची पातळी ज्या आराखड्यावर दाखवलेली नाही, तो मंजूर करू नका.