हुनर आहे, कागद नाही

दहावीचा निकाल लागला की मोमिनपुरा, टेका, हसनबाग, ताजबाग इथल्या अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. ‘आगे पढ़ाना है, या काम पे लगाना है?’ अब्बू विचारतात, चाचा सल्ला देतात, शेजारचा कुणीतरी आपल्या मुलाचं उदाहरण सांगतो आणि दोन दिवसांत निर्णय होतो. ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय असतो, त्या पंधरा वर्षांच्या मुलाने तोवर एकही कारखाना, कार्यालय किंवा कार्यशाळा आतून पाहिलेली नसते.

माझंही तेच झालं. इंजिनीअरिंगला गेलो, तेव्हा इंजिनीअर दिवसभर नेमकं काय करतो हे मला माहीत नव्हतं. गणितात बरे गुण होते, एवढंच कारण. माझ्यासोबत दहावी झालेला एक मित्र त्याच महिन्यात मामाच्या गॅरेजवर गेला. आज तो गाडीच्या वायरिंगमधला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची जाहिरात निघाली की त्यात आयटीआयचं प्रमाणपत्र मागतात आणि तो अर्जसुद्धा करू शकत नाही.

दुसरी बाजू मी रोजच्या कामात पाहतो. नव्या मुलांच्या मुलाखती घेताना मी विचारतो, ‘तू स्वतःच्या हाताने काय बनवलंस?’ पदवी हातात असलेली कितीतरी मुलं गप्प बसतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणलेला असतो. एकाकडे हुनर आहे पण कागद नाही, दुसऱ्याकडे कागद आहे पण हुनर नाही. दोघांचीही चूक नाही. निर्णय घेण्याच्या वयात दोघांनाही काम कुणी दाखवलंच नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की 6 ते 14 वयोगटातली एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. नियमित पगाराच्या नोकरीपेक्षा आपली माणसं स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत, हेही त्या अहवालात होतं. हा अहवाल आपण भाषणांत खूप वापरला. सरकारकडे मागण्या केल्या, त्या करायलाच हव्यात. पण नववीतल्या मुलाला बोट धरून आयटीआयच्या दारापर्यंत नेण्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायची?

दारं आपल्या शहरातच आहेत. श्रद्धानंदपेठेत शासकीय आयटीआय आहे. तिथे वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटरचा दोन वर्षांचा. त्यानंतर मोतीबाग. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची ही कार्यशाळा मोमिनपुऱ्यापासून फार लांब नाही. रेल्वेचा नागपूर विभाग आणि ही कार्यशाळा मिळून शिकाऊ उमेदवारांची भरती काढतात. तिला लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. अंबाझरीची आयुध निर्माणी, वेस्टर्न कोलफिल्ड्स यांसारखे सार्वजनिक उद्योगही शिकाऊ उमेदवार घेतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे ही संधी आहे. 2019 च्या दुरुस्तीनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि किमान विद्यावेतन पात्रतेनुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरवलं गेलं. म्हणजे ‘पढ़ाना या काम पे लगाना’ हा प्रश्नच चुकीचा आहे. शिकता शिकता कमावण्याची वाट कायद्यातच आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ताही खुला आहे.

मग आपली मुलं अडतात कुठे? बऱ्याचदा कागदांपाशी. मोमीन-अन्सारी, बागवान, अत्तार, मन्सुरी-पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. दादांच्या शाळेचा दाखला, जुना जन्म-मृत्यूचा उतारा, जमिनीचा किंवा घराचा कागद. हे शोधायला महिने जातात आणि आपण शोधायला बसतो प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरल्यावर. ज्यांची बिरादरी कुठल्याच आरक्षित यादीत नाही, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचा दाखला आहे, तोही कितीजण काढतात? 2024 पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्या मुलींची फी भरायला पैसे नाहीत असं म्हणत आपण त्यांना घरी बसवतो आणि माफी मात्र एका दाखल्यावाचून हातची जाते.

मुलींबद्दल आणखी एक. मुलींसाठी शिक्षिका किंवा शिवणकाम, एवढीच यादी आपण केली आहे. ही कामं वाईट नाहीत. पण एखाद्या मुलीला मोटर गुंडाळायला किंवा कोडिंग करायला आवडेल का, हे तिला ते एकदा करायला दिल्याशिवाय कळणार कसं?

आणि भाषा. आपण घरात उर्दू-हिंदी बोलतो, त्यात काही गैर नाही. पण पोलीस भरतीचा पेपर मराठीत असतो, तहसील कार्यालयातला अर्जही मराठीत. मराठी आपल्या घराबाहेरची भाषा मानून चालणाऱ्या मुलाची एक पायरी आधीच कमी होते.

नवीन शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. मुलांनी त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशांकडे जाऊन काम पाहावं, ही कल्पना. शाळेने ते केलं तर उत्तम. नाही केलं तर मोहल्ल्याने करावं. आपल्या चळवळीच्या प्रत्येक गटाने या वर्षी तीन रविवार काढावेत, असा माझा प्रस्ताव आहे.

पहिल्या रविवारी नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर मोहल्ल्यातली पाच कामाची माणसं बसवा. नर्स, इलेक्ट्रिशियन, लेखापाल, आयटीआयचा निदेशक, कुणी प्रोग्रामर. त्यांनी भाषण करू नये; दिवस कसा जातो, पगार किती, सुरुवात कशी झाली, चुका कुठे झाल्या, एवढंच सांगावं. दुसऱ्या रविवारी हात चालू द्या. बोर्ड जोडणं, रक्तदाब मोजणं, हिशेबाची वही लिहिणं, छोटा प्रोग्राम लिहिणं. तिसऱ्या रविवारी पालकांना बोलवा आणि प्रत्येक घराच्या कागदांची यादी करा; काय आहे, काय नाही, कुठून आणायचं.

हे बालमजुरीला आमंत्रण नाही. चौदाच्या आतल्या मुलाला नोकरीला लावणं गुन्हा आहे आणि अठराच्या आत धोक्याचं काम देणंही. काम पाहणं वेगळं आणि कामाला जुंपणं वेगळं, ही रेघ आपणच जपायची.

माझ्या त्या गॅरेजवाल्या मित्राला मी विचारलं, एका रविवारी येशील का? तो म्हणाला, ‘मैं क्या बताऊँगा, मैं तो पढ़ा नहीं.’ मी त्याला म्हटलं, तुला जे येतं ते दाखव आणि जो कागद तुझ्याकडे नाही तो का हवा होता, तेही सांग. तो येणार आहे. तुमच्या मोहल्ल्यात कोण येईल, हे या आठवड्यात विचारून पाहा.