तारणाला काय ठेवणार?



पावसाळ्याच्या तोंडावर दोघी मायलेकी आमच्या बैठकीला आल्या. मुलगी बी.एस्‌सी. झालेली, परदेशी विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळालेला. अडलं होतं कर्जावर. सरकारी बँकांमध्ये शैक्षणिक कर्जाची रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की सहसा तारण मागतात. या घरात तारण ठेवण्याजोगं एकच, राहतं घर, आणि ते आजोबांच्या नावावर. ते म्हणाले, "पोरीसाठी घर गहाण टाकायचं? उद्या ती दुसऱ्याच्या घरी जाणार." याच घरानं थोरल्या नातवाच्या इंजिनिअरिंगसाठी जमिनीचा एक तुकडा विकला होता. आई रडली नाही, चिडलीही नाही. "त्याच्यासाठी विकायला चाललं, हिच्यासाठी गहाणसुद्धा नाही," एवढंच म्हणाली.

मुलींनी परदेशी शिकायला जावं की नाही, यावर आपल्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षं चर्चा चालली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि नवरा सोबत नव्हता. गोपाळराव मागाहून गेले. आज आपण आनंदीबाईंची आठवण काढतो ती 'पहिली डॉक्टर' म्हणून. 'एकटी गेली' हे मात्र हळूच गाळतो. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या. परीक्षेत अव्वल येऊनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या. शेवटी हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. इरावतीबाई कर्वे जर्मनीला जायला निघाल्या तेव्हा नाराज कोण होतं? त्यांचे सासरे, खुद्द धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसालाही सून समुद्रापार जाणं जड गेलं. हे लिहिताना अण्णांबद्दलचा आदर कमी होत नाही. पण घराच्या उंबऱ्याशी आलं की सुधारणा कुठे अडखळते, ते यातून दिसतं.

आमच्यातल्याच काहीजणी विचारतात, परदेशच कशाला? इथे काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. तिकडे स्वर्ग नाही. एजंट फसवतात, कर्जाचा डोंगर होतो, कातडीचा रंग पाहून वागणारे तिथेही भेटतात. पण पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९ चं पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, त्या तिथे नुसत्या दिपून गेल्या नाहीत. तिथल्या बायकांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी बारकाईनं पाहिलं आणि तिथलं वर्णवैरही पाहिलं. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, त्यासाठी पैसा उभा राहिला तो तिकडे केलेल्या खटपटीतून. दुरून आपलं घर वेगळं दिसतं, हा फायदा पदवीपेक्षा लहान नाही. शिवाय स्वतःचं भाडं भरणं, रात्री ग्रंथालयातून एकटीनं परतणं, आजारी पडल्यावर स्वतःच दवाखाना शोधणं, हे मुलगा सतराव्या वर्षी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात शिकतो. मुलीला ते शिकायला कुणी वावच देत नाही.

आणि गंमत पाहा, परदेशी पाठवायला आपल्या घरांची हरकत नाहीच. हरकत आहे ती एकटी पाठवायला. अमेरिकेतलं स्थळ आलं की तीच माणसं महिन्याभरात पासपोर्ट काढतात, कार्यालय बुक करतात, कर्जही काढतात. नवऱ्याच्या मागोमाग एच-४ व्हिसावर गेलेल्या आपल्या शिकलेल्या मुलींना २०१५ पर्यंत तिथे नोकरी करायची परवानगीच नव्हती. नंतरही ती मिळाली काहींनाच, आणि तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कुठवर आलाय यावर अवलंबून. अभियंता झालेल्या बाईनं परदेशात पोळ्या लाटत बसावं, हे 'सुरक्षित'!

ज्यांच्याकडे गहाण ठेवायला घरच नाही, त्यांचं काय? अनुसूचित जातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या विद्यार्थ्यांसाठी, भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये साऱ्या देशासाठी तिच्या जागा होत्या १२५. त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी, म्हणजे चाळिशीही गाठत नाहीत. त्याच वर्षी नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज या विषयांच्या अभ्यासाला त्यातून वगळण्यात आलं. म्हणजे दलित मुलीनं बाहेर जाऊन रसायनशास्त्र शिकावं, पण जातीचा अभ्यास करू नये. यावर स्त्री-संघटनांनी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं आपण बोललो नाही, हे कबूल करायला हवं.

पुन्हा त्या मायलेकींकडे वळते. बोलता बोलता आईनं सांगितलं, तिच्या वडिलांच्या माघारी भावानं तिला तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. साडीचोळी केली, जेवू घातलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. तिची सही त्यानंतरची, २०११ ची. "माहेर तुटायला नको, म्हणून केली," ती म्हणाली. त्या वाट्यात गावातल्या रस्त्यालगतचं अर्धं घर होतं. मुलगी आईकडे बघत राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

आमच्या वकील मैत्रिणीनं सांगितलं, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं अवघड, त्यातून इतकी वर्षं लोटलेली. तरी कागद बघितल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. मुलीनं प्रवेश वर्षभर पुढे ढकलून मागितला आहे. आई पुढच्या बैठकीला दस्ताची नक्कल घेऊन येणार आहे. भावाला अजून काही सांगितलेलं नाही.