बावन्न कीं पन्नास दोन?

दुसरींतील बालकास ‘बावन्न लिही’ म्हणावें आणि त्यानें पाटीवर २५ लिहावें, हा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. वडील माणसें त्यास वेंधळा ठरवितात, आणि ‘याचें गणितांत डोकें नाहीं’ हा शेरा त्या लेंकरास आयुष्यभर चिकटून बसतो. वास्तविक त्यानें ऐकलें तसेंच लिहिलेलें असतें. ‘बावन्न’ या शब्दांत दोन आधीं ऐकूं येतात व पन्नास मागाहून. लेखणी मात्र पन्नासाचा पांच आधीं मागते. कान एक क्रम सांगतो, हात दुसराच पाळतो. हा दोष बुद्धीचा नसून शब्दांच्या घडणीचा आहे.

ही घडण संस्कृतांतून आली. एकविंशति, पंचविंशति या नांवांत एकक आधीं येतो. अंकांची गति डावीकडे, हा संकेतहि तेथलाच. एकोनविंशति म्हणजे एकानें उणे वीस. त्यावरून आपलें ‘एकोणीस’ झालें. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहितें, तें त्या ‘तीस’ शब्दाच्या भरवशावरच.

आम्हां सोलापुरकरांस याची तुलना शेजारींच पाहावयास मिळते. शहराच्या पूर्व भागांतील तेलुगुभाषक विणकरांच्या घरीं बावन्नास ‘याभै रेंडु’ म्हणतात. अक्कलकोटाकडील कानडी घरांत ‘ऐवत्तेरडु’. दोहोंचा अर्थ पन्नास-दोन. त्या मुलांचा कान आणि हात एकाच वाटेनें चालतात.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला! विधानसभेंतहि तो विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांचें म्हणणें असें होतें कीं, जुनीं नांवें काढलेलीं नाहींत. जोडाक्षरांशीं अडखळणाऱ्या मुलांस ही एक सोपी पायरी दिली आहे. आम्ही संस्कृताचे अभिमानी आहों. ‘एकवीस’, ‘बावन्न’ हे शब्द लोपावे असें आम्हांस स्वप्नांतहि वाटणार नाहीं. परंतु चढावयास शिडी लावली म्हणून कोणी जिना पाडीत नाहीं.

मग घरीं काय करावें? खराट्याच्या शंभर काड्या घ्याव्या आणि मुलाकडूनच दहा-दहांच्या जुड्या दोऱ्यानें बांधवाव्या. ‘बावन्न’ म्हटलें कीं पांच जुड्या डावीकडे व दोन सुट्या काड्या उजवीकडे मांडावयास सांगावें. ‘पन्नास दोन, म्हणजे बावन्न’ असें त्यानें मोठ्यानें म्हणावें, आणि मगच लिहावें. एकोणतिसासाठीं तीन जुड्या मांडून त्यांतील एकच काडी परत मागावी. ती देण्यास एक जुडी सोडावीच लागते, आणि दोन जुड्या व नऊ काड्या उरतात. पुढें ५२ मधून २७ वजा करण्याची वेळ येते, तेव्हां दोनांतून सात जात नाहींत. पुनः एक जुडी सुटते, चार जुड्या व बारा काड्या होतात, आणि २५ उरतात. हातच्याच्या वजाबाकीचें सारें गूढ त्या सुटलेल्या दोऱ्यांत आहे.

पाठांतराची आम्ही अवहेलना करीत नाहीं. मागील पिढ्यांस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असे. पाढे आजहि पाठ हवेतच. कारण भागाकार करतांना दर पायरीस बोटें मोजणारा विद्यार्थी मूळ प्रश्नच विसरतो. मात्र क्रम राखावा: आधीं जुडी, मग नांव, मग अंक, आणि शेवटीं पाढा. ‘सात चोक अठ्ठावीस’ म्हणणाऱ्या मुलास सात-सात काड्यांचे चार ढीग एकदां तरी मांडूं द्यावे.

२०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ हा उपक्रम आरंभिला. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावें, हा त्याचा हेतु. पण शाळेंत एका गुरुजींपुढें सारा वर्ग असतो. एकत्र कुटुंबांत एका नातवंडापुढें आजी, आजोबा, काका, आत्या इतकीं माणसें असतात. दिवेलागणीस शुभंकरोति झाल्यावर पंधरा मिनिटें त्यांपैकीं कोणासहि देतां येतील. अट एकच: चुकलें तर भावंडांदेखत हसूं नये. आणि मुलीच्या बाबतींत ‘हिला गणित काय करावयाचें?’ हें वाक्य घरांत उच्चारूंच नये. मंगलाबाईंनीं लग्नानंतर, संसार सांभाळून, १९८१ मध्यें मुंबई विद्यापीठाची गणितांतील पीएच. डी. मिळविली.

वाचकांनीं महिनाभर हा प्रयोग करून पाहावा. ज्यांस मुलावर शेरा मारावयाचाच असेल, त्यांनीं आधीं त्याच्याशेजारीं बसून शंभर काड्या मोजाव्या, एवढेंच आमचें मागणें.