बाई एक, वर्ग चार

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक माझ्या घरी, पिपरी मेघेला होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला आणि गप्पा पोरांच्या शाळेवर आल्या. एकीची नणंद खेड्यावरून आली होती. ती म्हणाली, "आमच्या गावच्या शाळेत बाई एक अन् वर्ग चार. बाई पहिलीले शिकवते, तं चौथीवाले खेळून राह्यते." त्यावर कोपऱ्यातली शेजारची सून हळूच म्हणाली, "अन् मी डी.एड. करून दहा वर्षांपासून पोळ्या लाटून राह्यली!" सगळ्या हसल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. एकीकडे बाईविना मुलं, दुसरीकडे मुलांविना बाई. असं कसं?

मैत्रिणींनो, कागदावर चित्र छान आहे. २०२४-२५ मध्ये बारावीपर्यंतच्या सरकारी-खासगी सगळ्या शाळा मिळून देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या वर गेली. त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. पण त्याच वर्षी एकच शिक्षक असलेल्या शाळाही लाखाच्या वर होत्या. म्हणजे शिक्षक वाढले, पण सगळ्यांच्या वाट्याला आले नाहीत.

जगात काय चाललंय? युनेस्कोच्या हिशेबाने २०३० पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक मिळून आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील. त्यांतले दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. तिथे मुलं भराभर वाढताहेत. श्रीमंत देशांत पगार आणि ताण यांना कंटाळून शिक्षक नोकरी सोडताहेत. आपलं दुखणं वेगळंच. आपल्याकडे शिकवायला तयार असलेली माणसं रांगेत उभी आहेत!

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला मानधन महिना ३,००० रुपये, तेही तीन वर्षं. तरी 'मुलीसाठी चांगली नोकरी' म्हणून आईबापांनी कर्ज काढून पोरींना डी.एड. केलं. गल्लोगल्ली कॉलेजं निघाली. आणि २०१२ मध्ये भरतीच थांबली. पुढे पवित्र पोर्टल आलं, मानधन २०२३ पासून १६,००० झालं. पण भरती थांबत थांबतच चालली. तोवर कित्येकींचं लग्न झालं, वय गेलं, प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी गेलं.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, असं तो सांगतो. गावात पंधराच मुलं असली तरी दोन! पटसंख्या कमी म्हणून एका बाईवर भागवणं त्यात बसत नाही.

आणि आपल्या हातात काही नाही असं समजू नका. याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला. किती जणींना हे ठाऊक आहे? बहुतेक ठिकाणी आपण सही करून घरी येतो. पुढच्या बैठकीत फक्त दोन प्रश्न विचारा : मंजूर पदं किती? भरलेली किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि पद रिकामं असेल तर तसा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.

१९३७ साली नई तालीमची परिषद आपल्या वर्ध्यातच भरली होती. देशाच्या शाळा कशा असाव्यात, याचा विचार इथे झाला. निदान गावच्या शाळेची चौकशी तरी आपण करूया. त्या नणंदेने ठरवलं आहे, येत्या बैठकीत ती विचारणार आहे. तुम्ही?