अखंडाकडे जाणारी वाट तुकड्यांतूनच जाते

निसर्ग एक आहे, अखंड आहे. विज्ञान मात्र त्याचे तुकडे करते, म्हणून ते एकत्व विज्ञानाच्या हाती कधीच लागणार नाही. ते अनुभूतीनेच कळते, असा एक पक्ष आपल्याकडे मोठ्या आदराने मांडला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. विद्यापीठांतल्या विभागांमध्ये भिंती आहेत, शेजारच्या शास्त्राचे अनेकांना सोयरसुतक नसते. पण हा दोष अभ्यासाच्या व्यवस्थेचा आहे, विज्ञानाच्या रीतीचा नाही. याचा पुरावा लखनौत आहे.

बिरबल साहनी (१८९१–१९४९) हे १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जीवाश्म असलेला दगड कापायचा, प्रकाश आरपार जाईल इतका घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळायच्या, हे त्यांच्या पुरावनस्पतिशास्त्रातले, म्हणजे जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासातले, रोजचे काम. म्हणजे अक्षरशः तुकडे करणे! त्या तुकड्यांतून काय हाती आले? नागपूर-छिंदवाडा भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकलेला आहे. त्यात ताडवर्गीय झाडांचे आणि अझोला या पाणनेच्याचे अवशेष साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले. आपल्या दख्खनचा काळा कातळ एका दमात ओतला गेला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी साचली, झाडे वाढली, हे त्या गाळातून कळते. वनस्पती, पाणी आणि ज्वालामुखी यांचा एकच इतिहास इथे वाचता येतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कामठीच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पाने सापडतात. ध्रुवप्रवासी स्कॉट आणि त्यांची तुकडी १९१२ मध्ये अंटार्क्टिकावर मरण पावली, तेव्हा तिच्या सामानात सुमारे १६ किलो खडक होते; त्यांतही हीच वनस्पती निघाली. ते जीवाश्म तपासले साहनींचे केंब्रिजमधले गुरू सिवर्ड यांनी. विदर्भ आणि दक्षिण ध्रुव एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, या निष्कर्षाला अशा पानांनी बळ दिले. डोळे मिटून सर्वत्र एकत्व पाहणाऱ्याला हे नाते कधी दिसले असते का?

दुसरा पक्ष म्हणतो, एकत्व तर आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते. त्या चिंतनाची थोरवी मला मान्य आहे. पण ‘सारे एक आहे’ एवढ्या विधानावरून कामठीचा अंटार्क्टिकाशी कसा संबंध, हे ठरत नाही. शिवाय जे विधान कुठल्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही, त्यातून नवे काही शिकताही येत नाही. विज्ञानाचे विधान चुकू शकते. पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधील मीठ सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे असावे, असे साहनींनी सूक्ष्म जीवाश्मांवरून मांडले होते. पुढे ते ५० कोटी वर्षांहून जुने ठरले. एवढ्या मोठ्या माणसाचे मतही पुराव्यापुढे टिकले नाही, यातच या मार्गाची सचोटी आहे.

विषयांमधल्या भिंतीही साहनींनी मानल्या नाहीत; रोहतकजवळ सापडलेल्या प्राचीन नाण्यांच्या साच्यांवरही त्यांनी संशोधन केले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांनी लखनौत उभारलेल्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला बसली. देशोदेशीचे, निरनिराळ्या युगांतले जीवाश्म तिच्यात जडवलेले आहेत. आठवड्याभरातच साहनी गेले. सावित्री साहनींनी संस्थेची जबाबदारी उचलली. आज तिथे पुराजीवशास्त्राबरोबर प्राचीन हवामानाचाही अभ्यास होतो.

तेव्हा निसर्गाचे एकत्व हे गृहीत धरण्याचे सूत्र नाही. एकेक दुवा तपासून सिद्ध करण्याचा तो निष्कर्ष आहे. ज्यांना त्या एकत्वाची खरी ओढ आहे, त्यांनी विज्ञानाला नावे ठेवणे सोडावे. मुलांना नदीकाठच्या दगडापाशी न्यावे, त्याला प्रश्न विचारायला शिकवावे, आणि उत्तर आपल्या आवडत्या मताविरुद्ध गेले तरी स्वीकारायलाही शिकवावे.