असईचा हॅनोव्हरी सेनापती

असईच्या लढाईचा विषय निघाला की नागपुरात दोन नावे हमखास येतात: दुसरे रघूजी भोसले आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांचे कवायती पायदळ ज्याने लढवले, तो अँथनी पोलमन सहसा कुणाला आठवत नाही. तो जर्मन होता, हॅनोव्हरचा.

त्या काळी इंग्लंड आणि हॅनोव्हर यांचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. त्यामुळे हॅनोव्हरच्या पलटणी मद्रासेत इंग्रजांच्या बाजूने लढायला आल्या होत्या. अशाच पलटणीतला सार्जंट पोलमन पुढे शिंद्यांच्या चाकरीत आला. द बॉइन या युरोपीय सेनानीने शिंद्यांसाठी उभारलेल्या कंपूंमध्ये, म्हणजे कवायती ब्रिगेडमध्ये, कर्तबगार माणसाला वर चढायला वाव होता. १८०० मध्ये मालपुऱ्याला जयपूरकरांविरुद्ध शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि असईला तर तीन कंपू त्याच्या हाताखाली होते. त्यांतला एक सरधन्याच्या बेगम समरूचा.

असई हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पोलमनची फौज दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीने पिंपळगावजवळ उतार शोधला, केळणा ओलांडली आणि तो थेट डाव्या बगलेवर आला. मराठी फौजेला आता सावरता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पोलमनने तो चुकवला. तोफांसह सारी रांग त्याने काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड केले. शत्रू समोर असताना हजारो शिपायांना असे वळवायला वर्षानुवर्षांची कवायत लागते. ती त्या शिपायांच्या अंगात होती, आणि याचे श्रेय पोलमनला व त्याच्या शिपायांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

गोलंदाजांनी तर कमाल केली. इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि पाठीमागून मारा करू लागले. वेलस्लीच्या छोट्या फौजेतले दीड हजारांहून अधिक लोक त्या दुपारी मेले किंवा जखमी झाले. असईसारखा रक्तपात त्याने तोवर पाहिला नव्हता.

तरीही ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. परदेशी सेनानी भाडोत्री होते म्हणून आपण हरलो, ही समजूत सोयीची आहे. इंग्रजांना शिंद्यांची चाकरी सोडायला सांगणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांचे अनेक इंग्रज अधिकारी निघून गेले, त्यांचा फ्रेंच सरसेनापती पेराँ शरण गेला, हे खरेच. असईला मात्र जर्मन माणूस उभा राहिला आणि दौलतराव शिंदे व रघूजी भोसले रणांगण सोडून गेले. उत्तम शिपाई नि तोफा जमवूनही दोन्ही दरबारांनी तसे सेनापती आपल्यातून घडवले नाहीत. पराभवाचा मोठा दोष त्यांच्याकडेच जातो.

त्याची किंमत नागपूरने लगेच मोजली. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावी पराभव, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी देवगावचा तह. कटक प्रांत ईस्ट इंडिया कंपनीला गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. आणि असईला वेलस्लीसोबत असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ मध्ये रेसिडेंट म्हणून नागपूरच्या दरबारी येऊन बसला.